ओहोटीचं गाव

जांबियानीचे फोटो सगळे भरतीचे असतात. पिरोजी पाणी, पांढरी वाळू, कडेला वाकलेला एक माड आणि मधोमध शिडाची होडी. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या गावात फोटो बघून आलेल्या माणसाला पहिल्याच सकाळी कोड्यात पडायला होतं. खोलीचं दार उघडावं तर समोर समुद्रच नाही. दूर, किलोमीटर-दीड किलोमीटरवर, प्रवाळाच्या बांधावर लाटा फुटतात तिथे एक पांढरी रेघ तेवढी दिसते. अलीकडे सगळी ओली पुळण, डबकी, तपकिरी-हिरवे पट्टे आणि त्यांत कमरेतून वाकलेल्या बायका. माझ्या शेजारच्या खोलीतलं युरोपीय जोडपं गेस्टहाउसच्या मुलाला विचारत होतं, समुद्र परत कधी येतो? दुकान किती वाजता उघडतं, असं विचारावं त्या सुरात.

मी अलिबागच्या बाजूची. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आणि भरतीच्या आत परतायचं, हे लहानपणी अंगवळणी पडलेलं. तरी जांबियानीची ओहोटी बघून मी थबकले. आमच्याकडे समुद्र मागे सरतो, इथे तो गाव सोडून जातो. आणि तो गेला की गाव कामाला लागतं.

इथवर पोचणं फारसं अवघड नाही. मुंबईहून दार-एस-सलामला विमान, तिथून फेरीने दोनेक तासांत झांझिबारचं मुख्य बेट उंगुजा. बंदराला लागूनच स्टोन टाउन. प्रवाळाच्या दगडांची घरं, पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे, माणूस आणि सायकल एकदम मावणार नाहीत अशा गल्ल्या. या शहरावर पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे मी भर घालत नाही. दोन गोष्टी मात्र मराठी माणसाने लक्षात ठेवाव्यात अशा. ब्रिटिश अमदानीत १९०८ ते १९३५ इथे झांझिबारी रुपया चालायचा आणि त्याची किंमत आपल्या रुपयाच्या बरोबरीची होती. दुसरी गोष्ट गायक फ्रेडी मर्क्युरीची. तो इथे १९४६ साली एका पारशी घरात जन्मला, तेव्हा त्याचं नाव फारुख बुलसारा. त्याच्या नावाची पाटी बघायला पर्यटकांची रांग लागते. त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं की पियानोवर त्याची बोटं बसली ती आमच्या पाचगणीच्या शाळेत.

स्टोन टाउनमधल्या दाराजानीच्या बाजारातून ३०९ नंबरची दालादाला जांबियानीला जाते. दालादाला म्हणजे मागच्या हौद्यावर बुटकं छप्पर घातलेला आणि आत दोन्ही कडांना बाकं बसवलेला छोटा ट्रक. उभं राहता येत नाही, म्हणून जागा संपली की माणसं वाकून राहतात. छपरावर तांदळाची पोती, एक पलंग, कोंबड्यांची टोपली. माझ्या मांडीवर बाजूच्या बाईने न विचारता तिचं पोर ठेवलं आणि ती पुढचा सगळा रस्ता डुलक्या काढत राहिली. वाटेत जोझानीचं जंगल लागतं. तांबड्या पाठीची कोलोबस माकडं जगात फक्त याच बेटसमूहावर आहेत, आणि ती रस्ता ओलांडताना दिसली की ड्रायव्हर खरोखर वेग कमी करतो. जंगल संपलं की जमीन बदलते. मातीचा पातळ थर, खाली सगळा प्रवाळाचा खडक, खुरटी झुडपं. या बाजूला भात पिकत नाही, लवंगाही नाहीत. लवंगांची जमीन पश्चिमेला आणि उत्तरेकडच्या पेंबा बेटावर. पूर्व किनाऱ्याच्या वाट्याला खडक आणि समुद्र आला. जांबियानी समुद्रात शेवाळाची शेती करतं. ती का, याचं निम्मं उत्तर वाटेतच मिळालं.

जांबियानी किनाऱ्याला समांतर पसरलेलं लांबलचक गाव आहे. घरं प्रवाळाच्या दगडांची आणि चुन्याची, काहींवर पत्रा, काहींवर माडाच्या झापांचं छप्पर. मधून मधून मशिदी, मदरशात जाणाऱ्या पांढऱ्या बुरख्यातल्या छोट्या मुली, सावलीत ‘बाओ’चा पट मांडून बसलेले म्हातारे, आणि पुळणीवर आपल्याच मालकीची असल्यासारख्या हिंडणाऱ्या गाई. मुलांनी मला बघून ‘म्हिंदी, म्हिंदी’ (म्हणजे भारतीय) असा गलका केला आणि लगेच शाहरुख खानची चौकशी. तो बरा आहे, असं मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं.

गेस्टहाउसात काम करणारी मुलगी चांगलं इंग्रजी बोलायची. तिची आजी शेवाळाची शेती करते हे कळल्यावर मी तिच्या मागेच लागले. आजीला सगळा पाडा बीबी म्हणायचा, मीही म्हणू लागले. साठीच्या पुढची, काटक, उन्हाने रापलेली बाई. अंगाला दोन कांगे, एक कमरेला, एक डोक्यावरून. कांगा म्हणजे काठाचं छापील सुती कापड. काठाच्या वर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं असतं, कधी म्हण, कधी शेजारणीला मारलेला टोमणा. एके काळी हे कापड आपल्याकडच्या गिरण्यांतूनही छापून जायचं. बीबीच्या कांग्यावरचं वाक्य काय आहे, असं मी नातीला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, ‘ते तुझ्यासाठी नाही, समोरच्या घरासाठी आहे.’

बीबीने मला ‘उद्या चार वाजता’ बोलावलं. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बारा महिने सहाच्या आसपास उगवतो, म्हणून आपले सात ते त्यांचा एक आणि आपले दहा ते त्यांचे चार. नातीने मनगटावरचं घड्याळ दाखवून दहा म्हणून पक्कं केलं. मला नवल वाटलं ते दहाचं. पौष पौर्णिमा होती. आमच्याकडे भरतीचा एक सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणातल्या कोळ्याला पंचांग पुरतं, तक्ता लागत नाही. त्या हिशोबाने सकाळी दहाला पाणी जवळजवळ भरलेलं हवं, आणि बीबी तर तेव्हा ओहोटी म्हणत होती.

बरोबर बीबीच होती. चंद्र माथ्यावर आला की लगेच भरती येते असं नाही. प्रत्येक किनाऱ्याची खोली, वळण, खाड्या यांप्रमाणे ती कमीअधिक उशिराने येते, आणि तो उशीर त्या त्या बंदराचा ठरलेला असतो. झांझिबारला पौर्णिमा-अमावस्येची भरती दुपारी चारच्या सुमारास आणि तशीच पहाटे चारला. ओहोटी म्हणून सकाळी दहाला आणि रात्री दहाला. आमचं पाऊणपटीचं सूत्र आमच्याच किनाऱ्याचं. मी ते नातीकरवी बीबीला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे आकाशात चंद्र दिसत नाही का?’

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही निघालो. पायांत जुने प्लास्टिकचे बूट, कारण वाळूत समुद्री साळिंदरांचे काटे असतात आणि दगडासारखा दिसणारा, विषारी काट्यांचा एक मासाही. घोट्याएवढ्या कोमट पाण्यातून पाऊण तास चाललो. जवळ गेल्यावर लांबून दिसलेले ते तपकिरी पट्टे म्हणजे वाफे निघाले. प्रत्येकाला हद्द आहे, मालकीण आहे. वाळूत काठ्यांचे खुंट ठोकलेले, समोरासमोरच्या खुंटांना दोऱ्या ताणलेल्या, आणि दोरीवर वीतभर अंतराने शेवाळाचा एकेक मूठभर फुटवा बांधलेला. पाणी असलं की हे सगळं तरंगतं, डोलतं. पाणी गेलं की आडवं पडतं, तेव्हा हात लावता येतो. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पाणी भरपूर मागे जातं, चार मीटरच्या आसपास उतरतं, म्हणून काम त्या चार-सहा दिवसांत उरकायचं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत शेत उघडंच पडत नाही. महिन्यात दोन उधाणं. गावातल्या बायकांचा महिना असा दोन तुकड्यांत बांधलेला आहे.

ही शेती परंपरागत वगैरे मुळीच नाही. १९८९ साली पाजे आणि जांबियानीत ती धंदा म्हणून सुरू झाली, लागवडीचं वाण आलं फिलिपिन्सहून. बीबीने लग्न, मुलं सगळं झाल्यावर ती शिकून घेतली. तिच्या तरुणपणी इथल्या बायका ओहोटीला शिंपले गोळा करायच्या, सुंभ वळायच्या. शेवाळाचे पैसे मात्र थेट बाईच्या हातात आले, आणि हा फरक मोठा होता. आजही झांझिबारच्या शेवाळशेतकऱ्यांत बायकाच फार मोठ्या संख्येने आहेत. पुरुष सुरुवातीला आले होते, असं बीबी म्हणते, पण इतक्या कमी पैशांत इतका वेळ वाकून उभं राहणं त्यांना जमलं नाही. घराची मागची दोन दालनं आपण बांधली, हे तिने मला घर दाखवताना दोनदा सांगितलं.

या शेवाळाचं पुढे काय होतं, हे बीबीला नीट माहीत नव्हतं. यातून कॅराजिनन नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ काढतात. टूथपेस्ट, आइस्क्रीम, दुधाची पेयं, सौंदर्यप्रसाधनं, सगळ्यांत तो वापरतात. वाळवलेलं शेवाळ पोत्यांत भरून युरोप, अमेरिका, चीनकडे जातं. मी बॅगेतली टूथपेस्ट काढून दाखवली. तिने थोडी बोटावर घेतली, वास घेतला आणि म्हणाली, ‘माझ्या शेवाळाला असा वास येत नाही.’

मी फुटवे बांधून बघितले. एकेका फुटव्याला प्लास्टिकच्या बारीक दोरीने सैल फास द्यायचा. घट्ट झाला तर फुटवा कापला जातो, फारच सैल झाला तर भरती घेऊन जाते. बीबीची बोटं न बघता चालायची आणि तोंड शेजारच्या वाफ्यातल्या बाईशी. लग्नं, बाळंतपणं, कुणी कुणाला पैसे दिले नाहीत, सगळं या पाण्यात उभं राहून ठरतं. लावल्यापासून सहाएक आठवड्यांनी पीक तयार होतं. सात-आठ किलो ओलं शेवाळ वाळवलं की किलोभर होतं. ते ओलं ओझं पाठ मोडेस्तोवर किनाऱ्यावर आणायचं, नारळीखाली पसरायचं, दोन-तीन दिवस उलटसुलट करायचं. डोळ्यांवर पाण्यावरून उलटलेली उन्हाची तिरीप दिवसभर आपटते. बीबीचे डोळे कायम लाल.

परतताना तिने मला पुळणीच्या वरच्या कडेला दगडांनी वेढलेले काही उंचवटे दाखवले. मी लगेच ओळखले. खाली नारळाची सोडणं पुरलेली होती. भरतीचं खारं पाणी येत-जात राहतं, सोडणं महिनोन् महिने कुजतात, मग उकरून दांडक्याने बडवायची, धुवायची आणि राहिलेल्या काथ्याचा सुंभ वळायचा. तो कुबट वास आमच्याकडच्या खाडीकाठचाच. बीबी मांडीवर काथ्या घासून दोन पदरी सुंभ वळायला बसली, तेव्हा मीही बसले. हे मला येत होतं, आजीकडून शिकलेलं. माझा सुंभ तिने ताणून बघितला आणि काही न बोलता आपल्या गुंडाळीला जोडून टाकला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पूर्वी ‘म्तेपे’ नावाच्या होड्या होत्या, खिळा न मारता सुंभाने शिवलेल्या. आता त्या नाहीत. ‘न्गालावा’ मात्र आहेत: आंब्याचं खोड कोरून केलेला अरुंद सांगाडा, दोन्ही बाजूंना उलंडीच्या फळ्या, वर तिकोनी शीड. घराच्या छपराला अजून सुंभच लागतो. शेतात मात्र नायलॉनच्या दोऱ्या. त्या शेवाळ विकत घेणारा व्यापारी देतो.

जेवण बीबीकडेच झालं. ओहोटीत पुरुष आणि काही बायका लोखंडी सळई घेऊन प्रवाळाच्या बांधाकडे जातात आणि कपारींतून ऑक्टोपस काढतात. तो दगडावर आपटून आपटून मऊ करायचा, मग नारळाच्या दुधात शिजवायचा. सोबत नारळाच्या दुधातलाच भात आणि माठासारखी पालेभाजी. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मांडाझी नावाच्या गोडसर पुऱ्या आणि नारळाच्या रसात शिजवलेले तुरीचे दाणे. तुरीची ही तऱ्हा आपल्याकडे कुणी का करत नाही, मला कळत नाही. घरी येऊन केली. नारळाचं दूध सढळ हाताने घालावं लागतं आणि फोडणीचा मोह आवरावा लागतो, एवढीच अट.

गाव गोड आहे, असं इतक्यावर म्हणून थांबता आलं असतं. पण जांबियानीहून उत्तरेला पाजेकडे पुळणीवरून चालत गेलं की चित्र बदलतं. आकाशात पतंगांची गर्दी, खाली फळीवर उभे राहून वाऱ्यावर सुसाटणारे काइटसर्फर. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा ‘कास्काझी’ वाहतो, जूनपासून आग्नेयेचा ‘कुसी’. याच वाऱ्यांवर अरबांची आणि कच्छी व्यापाऱ्यांची गलबतं शेकडो वर्षं ये-जा करत होती, आता त्यांच्यावर खेळ चालतो. खेळाशी माझं भांडण नाही. पण उथळ सपाट पाणी त्यांनाही हवं आणि शेवाळालाही. खुंट लागून पतंगवाले जखमी होतात, दोऱ्या तुटून शेतीचं नुकसान होतं, आणि शेत मागे सरकतं. हॉटेलांना समोर स्वच्छ निळं पाणी हवं असतं, खुंट आणि वाळत घातलेलं शेवाळ नको असतं. किनारा त्यांना देखावा म्हणून विकायचा आहे. गोड्या पाण्याचंही तेच. खडकाळ बेटावर ते आधीच थोडं, त्यात पोहण्याचे तलाव. मीही त्या हॉटेलांच्याच वाटेने आलेली पाहुणी, हे मला दिसत होतं. तरी माझं मत बीबीच्या बाजूचं आहे, आणि ते मी लपवत नाही.

त्यात समुद्रच तापतोय. शेवाळाच्या इथे दोन जाती लावायच्या. त्यांतल्या ‘कोटोनी’ला भाव दुप्पट, पण ती नाजूक. पाणी तापलं की फुटवे पांढरे पडतात, गळून जातात. उथळ किनाऱ्यावर ती आता जवळजवळ लावताच येत नाही, उरली आहे कमी भावाची ‘स्पिनोसम’. खोल पाण्यात, जिथे गारवा आहे, तिथे जाळ्यांच्या नळ्यांतून लागवड करण्याचे प्रयोग झाले. झांझिबारच्या सागरविज्ञान संस्थेतल्या डॉ. फ्लॉवर म्सुया यांनी यात वर्षानुवर्षं काम केलंय. पण खोल पाण्याला होडी लागते आणि पोहता यावं लागतं. समुद्रात आयुष्य काढलेल्या इथल्या कितीतरी बायकांना पोहता येत नाही. बीबीलाही नाही. ‘मी समुद्र नसताना जाते,’ ती म्हणाली, ‘पोहायचं कशाला?’

दुसरी वाट म्हणजे कच्चा माल न विकता वस्तू विकायची. पाजेत बायका शेवाळाची भुकटी करून साबण बनवतात, लवंग, दालचिनी, लिंबाच्या वासाचे. पर्यटकांना ते आवडतात. एका साबणाच्या वडीला जे पडतं त्यात वाळलेलं शेवाळ काही किलो येईल. पण साबण घेणारे पर्यटक मोजके, आणि शेवाळ पोत्यांनी. बहुतेक जणी अजून पोतीच विकतात.

निघायच्या दिवशी वजनाचा दिवस होता. व्यापाऱ्याचा माणूस झाडाला ताणकाटा टांगून बसला होता. बायका पोती ओढत आणत होत्या. तो प्रत्येक पोत्यात हात घालून ओल बघायचा, वाळू झटकायचा, वजनातून काहीतरी वजा करायचा. बीबीने त्याच्या काट्याआधी स्वतःचा आकडा सांगितला. काट्यावर त्याहून थोडं कमी भरलं. मग दोघांत बरीच वादावादी झाली, नातीने ती माझ्यासाठी भाषांतरित केली नाही, आणि शेवटी दोन्हींच्या मधला आकडा वहीत लिहिला गेला. बीबीने नोटा मोजून कांग्याच्या गाठीत बांधल्या, नातीला साखर आणायला पिटाळलं आणि मला दालादालाच्या थांब्यापर्यंत सोडायला आली.

छपरावर आधी शेवाळाची पोती चढली, मग माझी बॅग. दुपारचे तीन वाजले होते, पौर्णिमा उलटून तीन-चार दिवस झाले होते. पाणी अजून पुरतं चढलं नव्हतं, तरी पुळण झाकली होती, आणि माझ्या शेजारच्या खोलीतलं ते जोडपं एकदाचं पोहत होतं. पुन्हा यायचं असेल तर कधी येऊ, असं मी बीबीला विचारलं.

‘अमावस्या-पौर्णिमा बघून ये,’ ती म्हणाली. ‘मधल्या दिवसांत इथे नुसता समुद्र असतो.’